मदत हवी आहे : प्रकल्प वेळेत, तरीही प्रोग्रॅम मागे, वेळापत्रकावर नियंत्रण कोणत्या पातळीवर ठेवावे?

नमस्कार. एकमेकांवर अवलंबून असलेल्या चार प्रकल्पांच्या प्रोग्रॅमचे (एकत्र चालवल्या जाणाऱ्या प्रकल्पसमूहाचे) एकत्रित वेळापत्रक माझ्याकडे आहे. चारही व्यवस्थापकांच्या साप्ताहिक अहवालांत बहुतेक सगळे हिरवे, म्हणजे वेळेत, दिसते, तरी एकत्रित चाचणीचा टप्पा सतत पुढे सरकतो आहे.

मूळ अडचण मला देवाणघेवाणीच्या टप्प्यांवर दिसते. एखादे काम आठ दिवस लांबले तरी ते त्या प्रकल्पाच्या फ्लोटमध्ये (प्रकल्पाची अखेर न लांबता काम जितके लांबू शकते त्या मोकळ्या वेळात) बसते, म्हणून व्यवस्थापक ते कळवत नाही. परंतु दुसऱ्या प्रकल्पाचा क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की शेवटची तारीखच पुढे जाते, ती कामांची साखळी) त्याच कामाची वाट पाहत असेल, तर प्रोग्रॅमच्या दृष्टीने तो फ्लोट मुळात शिल्लकच नसतो.

चारही प्रकल्पांचा मिळून काढलेला एसपीआय (शेड्यूल परफॉर्मन्स इंडेक्स, म्हणजे वेळापत्रकानुसार प्रगतीचा निर्देशांक) येथे उपयोगी पडत नाही. झालेल्या कामाच्या मूल्याला तोवर नियोजित असलेल्या कामाच्या मूल्याने भागून तो येतो. त्यामुळे मोठ्या खर्चाचे, पण निकड नसलेले काम लवकर झाले की क्रिटिकल पाथवरचे छोटे काम अडलेले असूनही आकडा चांगला दिसतो. शिवाय काम पूर्ण होताना दोन्ही मूल्ये सारखी होत असल्याने उशिरा संपलेल्या प्रकल्पाचा एसपीआयही अखेरीस १ होतो. वॉल्ट लिप्के यांनी २००३ मध्ये मांडलेली अर्न्ड शेड्यूल पद्धत काळाच्या मापाने मोजत असल्यामुळे हा दुसरा दोष टाळते, पण प्रकल्पांमधील अवलंबित्व तिलाही दिसत नाही.

राखीव वेळ कोठे ठेवावा, यावर आमच्यात मतभेद आहेत. चाचणीसाठी तीन प्रकल्पांचे काम एकाच वेळी हाती यावे लागते. प्रत्येकाची वेळेत देण्याची शक्यता ८० टक्के आणि परस्परांपासून स्वतंत्र धरली, तरी तिन्ही वेळेत मिळण्याची शक्यता जेमतेम ५१ टक्के उरते. म्हणून राखीव वेळ चाचणीच्या आधी, प्रोग्रॅमच्या ताब्यात असावा आणि मंजुरीशिवाय कोणी वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. व्यवस्थापकांना मात्र तो आपापल्या वेळापत्रकात हवा आहे.

मुख्य वेळापत्रकात सर्व कामे ठेवावीत, की देणारा आणि घेणारा या दोघांनी मान्य केलेले हस्तांतरणाचे टप्पेच ठेवावेत? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण हजारो ओळींचे वेळापत्रक अद्ययावत ठेवण्यातच आठवडा संपतो. पण तसे केल्यास प्रोग्रॅमचा क्रिटिकल पाथ विश्वासार्ह राहतो का? दुसरे असे की, एखाद्या प्रकल्पाने बेसलाइन (तुलनेसाठी मंजूर केलेले वेळापत्रक) बदलली की आधीचा विलंब अहवालातून नाहीसा होतो. ती बदलण्याचा अधिकार आपण कोणाकडे ठेवता, आणि मूळ बेसलाइनशी तुलना पुढेही चालू ठेवता का? अनेक प्रकल्पांचे वेळापत्रक प्रत्यक्ष सांभाळलेल्या जाणकारांनी आपली पद्धत कारणांसह सांगावी, ही विनंती.