एकट्याने ग्रुप ट्रेल रनिंग सुट्टी: पैसे भरून वाट बघणं?

धारेवरून (धागाकर्ता)

कालच्या धाग्यात उतारवीर यांनी ठोकून दिलं: "ओळखीचं कोणी नसेल तर ग्रुपच्या ट्रेल रनिंग (डोंगरवाटांवर पळायच्या) सुट्टीला जाऊच नये. वेगात असाल तर आठवडाभर दुसऱ्यांची वाट बघाल, संथ असाल तर आठवडाभर सॉरी म्हणाल, आणि वर एकट्याच्या खोलीचा भुर्दंड भराल." खाली 'अगदी अगदी' म्हणणाऱ्यांची रांग. एवढं सरसकट वाचून गप्प बसवेना. तिथे दोन ओळींत मावणार नव्हतं म्हणून हा वेगळा धागा.

वाट बघावी लागते ती लोक अनोळखी असतात म्हणून नव्हे, ग्रुप चुकीच्या आकड्यावर जमवलेला असतो म्हणून. नाव नोंदवताना विचारतात काय, तर 10 किमीची वेळ. समजा दोघंही 10 किमी 55 मिनिटांत पळतात. चढावर मात्र पहिला तासाला 900 मीटर उंची घेतो, दुसरा 600. दिवसभरात 400-400 मीटरचे तीन चढ असले तर पहिला प्रत्येक माथ्यावर 27 मिनिटांत पोचतो, दुसरा 40 मिनिटांत. भिजलेल्या टीशर्टवर वारा घेत 13 मिनिटं उभं राहिलं की पुढच्या उताराला मांड्या आखडलेल्याच असतात. दुसऱ्याची तर याहून वाईट गत. तो वर पोचतो तेव्हा बाकीचे "चला" म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही, आणि दिवसातून तीनदा मिळत नाही.

तेव्हा तासाला किती मीटर चढता हे विचारणारा आयोजक शोधा. थांबा माथ्यावर नको, माथा ओलांडून आडोशाला घ्यावा. शेवटचा माणूस पोचल्यावर घड्याळ लावून 5 मिनिटं द्यावीत. पुढच्यांना थांबायचा कंटाळा असेल तर त्यांनी मागे वळून खाली यावं, शेवटच्याला गाठावं आणि त्याच्यासोबत पुन्हा चढावं. अंग गार पडत नाही आणि चढाईही जास्त पदरात पडते.

मित्रांच्या कंपूत यातला एकही उपाय कोणी करत नाही. मैत्री चढाच्या वेगावर जमत नसते, त्यामुळे तिथली तफावत उलट जास्तच असते. फक्त ती कोणी बोलून दाखवत नाही.

उतारवीर

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. आता माझं पूर्ण म्हणणंही ऐका, अर्धंच उचलू नका.

तुम्ही म्हटलं नाहीत, पण तुमचा सगळा हिशेब दोन गाइड धरून चाललाय. आठ जणांमागे एकच गाइड असेल तर? चौथ्या दिवशी एकाचा घोटा मुरगळला. गाइडने त्याच्यापाशी थांबणं भाग आहे. मग उरलेल्या सात जणांनी एक तर तिथेच कुडकुडत बसायचं, नाहीतर "जीपीएक्स फाइल (वाटेचा डिजिटल आराखडा) फोनमध्ये आहे ना, मग व्हा पुढे" हे ऐकायचं. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले ती सोयच संपली. मित्र असतील तर एक जण जखमीपाशी बसतो, दोघं खाली मदतीला जातात, हे न सांगता ठरतं. अनोळखी माणसासाठी स्वतःच्या सुट्टीचा दिवस कोण सोडणार?

शिवाय किमान संख्या. सहा जण जमले तरच सहल निघणार, ही ओळ बारीक अक्षरात असते. एकटा माणूस उत्साहाने परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढून बसतो, आणि महिनाभर आधी मेल येतो की सहल रद्द. आयोजक सहलीचे पैसे परत देतो, तिकिटाचे कोण देणार?

घसारा

खोलीच्या भुर्दंडावर कोणीच बोलत नाहीये. सहलीचा दर दोघांत एक खोली धरून काढलेला असतो आणि हॉटेल भाडं लावतं खोलीमागे, त्यामुळे एकट्याने आले की दुसऱ्या पलंगाचे पैसेही आपल्याच माथी. इथवर समजू शकतो. पण "जोडीदार चालेल" (म्हणजे खोलीत दुसरं कोणी चालेल) अशी खूण केली, आयोजकाला जोडीदार मिळाला नाही, आणि तरी फरक आपल्याकडूनच मागितला, ही निव्वळ लूट आहे. जोडीदार न मिळाल्यास फरक कोणाचा, हे नोंदणीआधी लेखी घ्या.

नकाशावाली

घसारा, मुद्दा बरोबर आहे, पण तो हॉटेलात राहून रोज वेगळी वाट पळायच्या सहलीला लागू पडतो. मुक्काम बदलत पुढे जाणाऱ्या सहलीत तो प्रश्न बऱ्याचदा मिटतो. आल्प्समधल्या मोंब्लां शिखराभोवतीची फेरी घ्या: सुमारे 170 किमी, 10,000 मीटर चढ, फ्रान्स-इटली-स्वित्झर्लंड. वरच्या बऱ्याच आश्रयगृहांत (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांत) सामायिक झोपायची खोलीच असते, कितीही पैसे मोजा. तिथे कानातले बोळे, डोळ्यावरची पट्टी आणि स्लीपिंग बॅगचं लायनर (आतलं पातळ अस्तर) घेऊन जायचं, विषय संपला.

उतारवीर, तिकिटाचा मुद्दा मान्य. त्याला उत्तर एकच: "सहल नक्की" असं लेखी आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. हे पथ्य मित्रांसोबत जातानाही लागतंच. आयत्या वेळी गळणारे मित्र काही कमी नसतात.

चौथा_गिअर

एवढं गणित कशाला? काठ्या (ट्रेकिंग पोल) घेऊन येणाऱ्यांचा वेगळा ग्रुप करा, वाट बघणं आपोआप बंद होईल. रनिंगच्या सुट्टीला येऊन चढभर काठ्या टेकत चालायचं असेल तर ट्रेकला जा ना. वर अरुंद वाटेवर त्यांच्या मागे पळणाऱ्याच्या नडगीवर टोकं येतात ती वेगळीच.

मागचा_लीड

आले, काठीद्वेष्टे आले. चौथा_गिअर, 15 अंशांच्या वर चढ गेला आणि वेग संथ असला की त्याच वेगाने पळण्यापेक्षा चालण्याला कमी ऊर्जा लागते, हे मोजून झालेलं आहे. तुम्ही तिथे 'पळता' म्हणजे चालणाऱ्याच्याच वेगाने उड्या मारता आणि माथ्यावर त्याच्यासोबतच पोचून धापा टाकता.

चौथा_गिअर

15 टक्के म्हणजे काही फार चढ नाही. 15 टक्क्यांवर कोणीही पळतो.

मागचा_लीड

अंश म्हणालो, टक्के नाही. 15 अंश म्हणजे जवळपास 27 टक्के. हा फरक कळत नसेल तर चढाच्या गप्पा जरा जपून मारा.

नकाशावाली

वैयक्तिक होऊ नका दोघंही. आणि नडगीची तक्रार काठीची नाही, वापराची आहे. मागच्याने अरुंद वाटेवर निदान 3 मीटर अंतर ठेवायचं. पुढच्याने काठी नुसती झुलवत न्यायची नाही, टेकवून मागे रेटायची आणि वाट सपाट झाली की दोन्ही एका हातात, टोकं पुढे.

लांबीबद्दल नेहमी विचारणा होते म्हणून लिहिते: दंड सरळ खाली, कोपर काटकोनात, तेवढी लांबी. गणित हवं तर उंची गुणिले 0.68. 170 सेंमी उंचीच्या माणसाला 115 सेंमी. उभ्या चढाला 5 सेंमी कमी चालते.

घसारा

त्यात भर. कार्बनच्या काठ्या हलक्या, पण दोन दगडांच्या फटीत टोक अडकून आडवा ताण आला की काडकन मोडतात. ॲल्युमिनियम वाकतं आणि बऱ्याचदा हाताने सरळ करून दिवस निभावतो. घडीच्या काठीत बटणाजवळ चिखल गेला की ती उघडून ताठ राहत नाही, म्हणून मुक्कामी पोचल्यावर भाग सुटे करून पुसायचे. मोठ्या दगडांतून उतरताना पट्ट्यातून हात बाहेर काढायचा. पट्टा अडकवून पडलात तर मूठ काठीवर तशीच राहते आणि अंगठ्याच्या बुडाचा अस्थिबंध फाटू शकतो.

आणि विमानात काठ्या हातातल्या सामानात बहुतेक ठिकाणी घेऊ देत नाहीत. चेक-इन बॅगेत टाका.

धारेवरून

मंडळी, काठ्यांसाठी वेगळा धागा काढा. इथे प्रश्न एकट्याने जाण्याचा होता.

चौथा_गिअर

काठ्या हाच प्रश्न आहे. काठीवाल्यांची चढावर हृदयगती कमी होते म्हणतात, तेही थोतांड. हात राबतात म्हणजे ती वाढलीच पाहिजे.

मागचा_लीड

'कमी होते' असं इथे कोण म्हणालं, दाखवा. थोडी वाढूही शकते. फायदा पायांना आहे: भार हातांवर वाटला जातो आणि संध्याकाळी मांड्या शाबूत राहतात. एका दिवसाच्या शर्यतीत तुम्हाला काठ्या नको असतील तर नका घेऊ. सलग सहा दिवस पळायचं तर हिशेब वेगळा असतो.

चौथा_गिअर

बरं बाबा, सहाव्या दिवशी काठ्या घेईन. खूश?

उतारवीर

काठ्यांची जत्रा पांगली असेल तर माझ्या घोट्याचं कोणीतरी उत्तर द्या.

मागचा_लीड

देतो. आयोजकाला तीन प्रश्न विचारायचे. एक, गाइड किती आणि शेवटच्या माणसाच्या मागे कोण असतं? दोन, गाइड जखमीपाशी अडकला तर बाकीच्यांना खाली कोण नेतं? तीन, गाइडकडे कोणतं प्रमाणपत्र आहे? आंतरराष्ट्रीय माउंटन लीडर चालतो, पण हिमनदी ओलांडायची असेल तर आयएफएमजीएचा (पर्वत मार्गदर्शकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा) बिल्ला असलेला पर्वत मार्गदर्शकच हवा. दुसऱ्या प्रश्नावर जो "तशी वेळ येत नाही" म्हणेल त्याच्याकडे पैसे भरू नका.

आणि एकट्याने जाणाऱ्याने स्वतःची तयारीही ठेवावी. ग्रुपमध्ये आहे म्हणून सॅक रिकामी, हा आजार फार आहे. शिवण सीलबंद असलेलं टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट, चंदेरी आपत्कालीन ब्लँकेट, इलॅस्टिक बँडेज, शिटी, हेडलॅम्प, किमान लिटरभर पाणी. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन आणि फोन एरोप्लेन मोडवर, अंगाजवळच्या खिशात, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. शिटीचा संकेत मिनिटाला 6 वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा 6. उत्तर आलं तर मिनिटाला 3. ज्या औषधाची ॲलर्जी असेल ते कागदावर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. मित्राला ते माहीत असतं, गाइडला नसतं.

संथगती

इथे सगळे पुढून पळणारे बोलताहेत, म्हणून मागच्यांच्या वतीने. एकट्याने आलेल्या संथ माणसाची खरी फसगत पहिल्याच दिवशी होते. अनोळखी लोकांसमोर मागे पडायचं नाही म्हणून तो पहिला लांब उतार सगळ्यांच्या वेगाने सुसाट पळतो. उताराला दम लागत नाही, साधारण 20 टक्के उतारावर पळायला तर सगळ्यात कमी ऊर्जा लागते. त्यामुळे कळतच नाही की मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार उचलतोय. ते दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तो माणूस उतारालाही चालतो आणि सगळे म्हणतात, तयारी करून यायला हवं होतं.

तयारी म्हणजे नुसते किलोमीटर नव्हेत. निघायच्या आधीच्या महिन्यात तीन-चार वेळा लांब उतार पळून घ्यायचा, शेवटचा साधारण दहा दिवस आधी. एकदा तसं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला तेवढं दुखत नाही. आणि पहिल्या दिवशी गाइडला सरळ सांगायचं, मी उतार मागून घेणार. कंपूत हे बोलायला लाज वाटते, तिथे पुढच्या वर्षीही तीच तोंडं असतात. अनोळखी ग्रुप आठवड्याने पांगतो.

उतारवीर

संथगतींचा शेवटचा मुद्दा मला आवडला नाही, पण खोडताही येत नाही. घोट्याचं उत्तरही पटलं. म्हणजे दोन गाइड, लेखी हमी, आणि चढाचा वेग विचारणारा, जोडीदाराचा फरक न मागणारा आयोजक, एवढं सगळं जुळलं तर एकट्याने जायला हरकत नाही. सापडला असा आयोजक की कळवा, पहिलं नाव माझं.

नकाशावाली

त्यात विमाही जोडा, हे अजून कोणीच काढलं नाही. पॉलिसीत शोध आणि बचावाचा खर्च स्वतंत्र लिहिलेला असतो, उपचाराच्या रकमेत तो धरलेला असेलच असं नाही. उंचीची मर्यादा बघा. 'डोंगरात पळणं' साहसी खेळांच्या यादीत आहे की अपवादांच्या, तेही बघा. युरोपियन आरोग्य कार्डावर (युरोपातल्या रहिवाशांना दुसऱ्या युरोपीय देशात सरकारी उपचार देणाऱ्या) विसंबून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यात हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च सहसा येत नाही.

आणखी एक प्रश्न आयोजकाला: आठांतले कितीजण एकाच क्लबचे आहेत? पाच-सहा एकमेकांचे ओळखीचे असतील तर थांबे, वेग, जेवणाची वेळ सगळं तेच ठरवतात आणि एकट्याने आलेला पाहुणा होऊन राहतो. त्यापेक्षा पुढची तारीख घ्या.

चौथा_गिअर

आणि त्यातले किती काठीवाले, तेही विचारा.

घसारा

उतारवीर, आयोजक सापडला की नाव नोंदवताना 'जोडीदार चालेल' वर खूण करा. मी घोरतो, आधीच सांगून ठेवतो.