शब्दचर्चा: कुत्रा चावल्यावर टोचतात त्या दोन्हींना लसच म्हणायचं का?

येऊरची_पायवाट
मंडळी, जरा अडलंय. आमच्या सोसायटीत (पोखरण रोड नं. २) भटकी कुत्री फार झालीत, म्हणून कमिटीने ठरवलं की लिफ्टशेजारी मराठीत एक पान लावायचं, कुत्रा चावला तर काय करायचं त्याचं. लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद चुना तिखट काही भरू नका, इथपर्यंत ठीक. पुढे घोडं अडलं. रक्त आलं असेल तर दोन वेगळ्या गोष्टी टोचतात ना, एक दंडात, ठरलेल्या तारखांना परत परत, आणि दुसरी थेट जखमेत आणि जखमेच्या आजूबाजूला, एकदाच. मी पहिलीला लिहिलं "रेबीजची लस" आणि दुसरीला "जखमेत द्यायची लस". सेक्रेटरी म्हणाले दुसरी लसच नाही, आणि तसं लिहिलंत तर लोक म्हणतील घेतली की लस, आणि दंडातले पुढचे डोस बुडवतील. पण आमच्या गावाकडे (जुन्नर) साप चावल्यावर देतात त्यालाही लसच म्हणतात, पेपरातही "सर्पदंशाची लस उपलब्ध नाही" असं छापून येतं. मग दुसरीला म्हणायचं काय? इम्युनोग्लोब्युलिन हे डॉक्टरी नाव लिहिलं तर वाचणार कोण?

सिस्टर_नेरूळ
सेक्रेटरींचं बरोबर आहे. रेबीजच्या लशीत मेलेला विषाणू असतो (गोवराच्या लशीत जिवंत पण कमजोर केलेला, ते वेगळं). तो दंडात गेला की ज्या पांढऱ्या पेशीला तो जुळतो ती पेशी भराभर वाढते, तिच्यापासून प्रतिपिंडं (विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं) होतात आणि थोड्या पेशी ओळख लक्षात ठेवून मागे राहतात. हे सगळं व्हायला आठवडा दहा दिवस जातात. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि तिथून मेंदूकडे निघतो, त्याला जखमेतच गाठायचं म्हणून दुसऱ्या इंजेक्शनात तयार प्रतिपिंडं देतात, माणसाच्या नाहीतर घोड्याच्या रक्तातून काढलेली. ती काही आठवड्यांत संपतात, शरीर त्यातून शिकत काही नाही. सापाचंही तेच, घोड्याला थोडं थोडं विष टोचतात आणि त्याच्या रक्तातून ते औषध काढतात, नाग मण्यार घोणस फुरसं चौघांवर एकच. आम्ही वॉर्डात दंडातल्या लशीला एआरव्ही (अँटी रेबीज व्हॅक्सिन) म्हणतो, जखमेतल्याला सीरम. पेशंटला सांगताना "हे दंडातलं, हे जखमेतलं". कोणाचं अडत नाही.

घंटाळी
सीरमला मराठी शब्द नाही असं का समजता? रक्तजल आहे. त्यावरून प्रतिरक्तजल करा. दंडातलं आणि जखमेतलं ही काय परिभाषा झाली?

पारसिक_बोगदा
काका, प्रतिरक्तजल वाचून माणूस कुत्र्यापेक्षा नोटीसला घाबरेल 😄

घंटाळी
हसा. पण मुळात "लस" या शब्दाकडे बघा. फोडातून, जखमेतून जो चिकट द्रव येतो ती लस. "जखमेतून लस वाहतेय" हे अजूनही म्हणतातच. देवी काढायचे तेव्हा फोडातली लस घेऊन पुढच्याच्या दंडावर टोचायचे, म्हणून त्या उपायालाच लस नाव पडलं. आपल्या मुंबईत पहिल्यांदा टोचली ती १४ जून १८०२ ला, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला, बगदाद बसरा अशी मजल दरमजल करत आलेली लस, आणि मग तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना. म्हणजे मूळ अर्थ धरला तर रक्तातून निघणारं तुमचं सीरमच "लस" या शब्दाच्या जास्त जवळचं, आणि त्या बाटलीतल्या मेलेल्या विषाणूला लस म्हणणं हीच खरी ढिलाई!

खारफुटी (ऐरोली)
भारी मुद्दा आहे. पण मग इंग्रजीतही तेच की. व्हॅक्सिन म्हणजे गायीचं, कारण जेनर या इंग्रज डॉक्टरने १७९६ मध्ये गायीच्या देवीतलं टोचलं. पुढे पाश्चरने १८८१ ला जेनरच्या मानाखातर सगळ्याच रोगांच्या लशींना तोच शब्द लावला. रेबीजच्या लशीत गाय शोधायला कोणी जातं का? शब्द गेला पुढे, आपणही जाऊ.
बाकी माझं मत, लस हा रसचाच भाऊ. र चा ल होतोच. पुरावा मागू नका, कानाला पटतंय.

घंटाळी
कानाला पटण्याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. लसीका शब्द आयुर्वेदात आहे, तिकडे बघा.

घणसोलीकर
आमच्यात सुई मारली म्हणतात, कसलीपन असो. तापाची सुई, कुत्र्याची सुई. आजा सांगायचा त्याच्या टायमाला कुत्र्याच्या चवदा सुया पोटात मारायचे. आताही कोनाला कुत्रा चावला का पयला प्रश्न हाच, पोटात का? म्हनून लोक जातच नाहीत. नोटीसमदे शब्द कायपन टाका पन "पोटात नाही" हे मोठ्या अक्षरात टाका.

सिस्टर_नेरूळ
अगदी! ती मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूची जुनी लस, २००४ च्या अखेरीस आपल्याकडे बंद झाली. आता विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवतात, दंडात देतात (अगदी लहान बाळांना मांडीत), स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, ० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. कुल्ल्यावर पण नाही द्यायची.

येऊरची_पायवाट
घणसोलीकर थँक्यू, हे टाकतोच. ताई, तारखा पण टाकतो. पण दुसरीचं नाव? "कुमक" कसं वाटतं? बाहेरून आलेली तयार फौज, "रेबीजविरोधी कुमक".

घंटाळी
कुमक तुर्की आहे. फारसीतून आपल्याकडे आलाय. एक परका शब्द काढून दुसरा परका घालायचा, याला काय अर्थ?

पारसिक_बोगदा
काका "परका" चालेल पण "कुमक" नको? चारशे वर्षं मराठी फौजा कुमक मागवतायत, अजून त्याचं आधार कार्ड झालं नाही का.

खारफुटी (ऐरोली)
मला कुमक आवडला, पण नोटीसवर वाचून लोक विचारतील कोण येतंय. सीरम मात्र कोविडनंतर शेंबड्या पोरालाही माहितीय, पुण्याच्या कंपनीमुळे. गंमत म्हणजे तिच्या नावातलं सीरम हे तेच घोड्याच्या रक्तातलं, आणि लोकांच्या डोक्यात मात्र सीरम म्हणजे लस. म्हणजे सीरम लिहूनही घोळ आहेच.

डबलडेकर
तुम्ही सगळे "लशी" का लिहिताय? लस, लसीचा, लसीकरण. सरकारी जाहिरातीत लसच्या पुढे कुठेही श नसतो. लशीकरण ऐकलंय कोणी?

घंटाळी
अहो म्हैस म्हशी, घूस घुशी, मूस मुशी, तसं लस लशी. ई लागली की स चा श होतो, हे शाळेत शिकवायचे. लसीकरण वेगळं, ते शुद्धीकरण एकत्रीकरण यांच्यासारखं, संस्कृत वळणाचं, तिथली ई विभक्तीची नाहीच.

डबलडेकर
मग बस बशी? एनएमएमटीच्या बशीत बसून वाशीला जाऊ का?

घंटाळी
बस इंग्रजी आहे.

डबलडेकर
म्हणजे परक्या शब्दाला नियम माफ. कुमकला मात्र प्रवेश बंद.

सिस्टर_नेरूळ
मी लशी पण बोलते, लसी पण बोलते, ज्या आया बाळांना घेऊन येतात त्या "डोस" बोलतात. "बाळाचा दीड महिन्याचा डोस". त्यात थेंब पण आले, इंजेक्शन पण आलं. त्यांना हवं असतं ताप येईल का आणि आत काय काय आहे. कालच एकीने मोबाईल दाखवला, लशीत अ‍ॅल्युमिनियम असतं म्हणे. असतं, सगळ्यात नाही, पेंटामध्ये (पाच रोगांवरची बाळांची एकत्र लस) असतं, क्षाराच्या रूपात, अगदी कमी. पेशींचं तिकडे लक्ष नीट जावं म्हणून. १९२६ पासून वापरात आहे. त्याला इंग्रजीत अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात, मराठीत काय सांगू ते आता तुम्हीच सांगा.

खारफुटी (ऐरोली)
उत्तेजक?

पारसिक_बोगदा
नको, बाळाला ऑलिंपिकमधून काढतील.

घंटाळी
सहायक द्रव्य. सोपं आहे, सर्वांना कळतं. आणि डोसला मात्रा म्हणा.

डबलडेकर
"बाळाची दीड महिन्याची मात्रा". काका, तुमची मात्रा काही चालायची नाही.

येऊरची_पायवाट
अहो माझं पान! परवा मीटिंगमध्ये दाखवायचंय.

घणसोलीकर
दंडाची सुई, जखमेची सुई. संपला विषय.

खारफुटी (ऐरोली)
विषयावरून आठवलं, माझ्या डाव्या दंडावर खड्डा आहे, आई त्याला "देवी काढल्या तेव्हाचा" म्हणते. मी १९८६ चा. देवी तर आपल्या देशातून १९७५ नंतर गेल्याच ना?

सिस्टर_नेरूळ
तो बीसीजीचा. क्षयाची लस, जन्मल्यावर लगेच देतात. देवीची लस तुमच्या जन्माआधीच बंद झाली होती.

घंटाळी
तरी "देवी काढल्या" चूक म्हणू नका. टोचण्याच्या क्रियेलाच तो वाक्प्रचार चिकटलाय, रोग गेला तरी.

डबलडेकर
वा! म्हणजे देवीच्या बाबतीत वापर जिंकला, आणि सापाच्या "लशी"ला मात्र सकाळपासून उन्हात उभं केलंय.

घंटाळी
दोन्हींत फरक आहे. संध्याकाळी सविस्तर लिहितो.