नाशिकचा फ्लॅट सोडून डहाणूचा प्लॉट घ्यावा का?

गोदाकाठ
समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ लाच झाली होती. त्यात आता तवा ते भरवीर, म्हणजे बंदराकडून थेट समृद्धीला येणारा, सुमारे १०५ किलोमीटरचा रस्ता मंजूर आहे. एवढ्या भांडवलावर नाशकात बसून डहाणू, चिंचणी, बोर्डीचे प्लॉट विकले जातायत. "टू बीएचकेच्या पैशात समुद्राजवळ अर्धा एकर" ही त्यातली ठरलेली ओळ.

माझं मत: नाशिककराने तिकडे पैसा अडकवू नये.

बंदर समुद्रात भराव घालून होणार आहे, १,४०० हेक्टरच्या वर. नऊ कंटेनर टर्मिनल. त्याला तुमचा दहा गुंठ्यांचा तुकडा लागत नाही. आणि कंटेनरचे ट्रक दारावरून गेलेच, तर तिथे सुट्टीचं घर कोण घेणार?

दुसरं, अख्खा डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला आहे. उद्योगांना सगळ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा, भोवती २५ किलोमीटरचा पट्टा, जमीन वापर मंजूर आराखड्याप्रमाणेच. "पुढे झोन बदलेल" हे वाक्य बाकी कुठेही चालेल, डहाणूत नाही.

तिसरं सगळ्यात मोठं: महसूल संहितेचं कलम ३६अ. पेठ, सुरगाणा या नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतल्या व्यवहारांत आपल्याकडे ते सगळ्यांना पाठ असतं, घाट उतरला की विसरतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा, सगळं त्यात आलं; फक्त पाच वर्षांपर्यंतच्या गहाणाला, भाडेपट्ट्याला एकट्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पुरते. ९९ वर्षांचा करार किंवा "साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून ठेवा, पुढचं पुढे" ही पळवाट नव्हे. तो दावा हरलेलाच आहे, फक्त तारीख पडायची बाकी.

सातबारा
गोदाकाठ, मुद्दे बरोबर, निष्कर्ष चुकीचा. तुम्ही एका तालुक्याचे नियम सांगून सातशे किलोमीटर किनाऱ्यावर फुली मारली. कागद वाचता येत नसेल तर नाशकातला म्हसरूळचा प्लॉटही बुडवतो.

किनाऱ्याची जमीन बघायचा क्रम असा ठेवा. आधी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून सातबारा आणि ८अ (खातेउतारा). त्यात भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी) की २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), ते पाहा. मग इतर हक्कांचा रकाना शब्द न् शब्द वाचा. "कूळ", "कलम ४३ ला पात्र", "खाजगी वने", "पुनर्वसनासाठी राखीव" यातलं काही दिसलं तर तिथेच थांबा. सातबाऱ्याच्या तळाशी जे फेरफार क्रमांक असतात ते सगळे काढायचे, एकही सोडायचा नाही. त्यानंतर मालकी हक्काचा ३० वर्षांचा शोध अहवाल, तोही विकणाऱ्याच्या वकिलाकडून नाही.

मग सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनारा दोन प्रकारचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ च्या वर असेल ते गाव तीन-अ, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम नाही. बाकीची गावं तीन-ब, तिथे २०० मीटर. कोकणातली बहुतेक गावं तीन-ब मध्येच येतात, एजंट मात्र सर्रास ५० मीटर सांगतो. खाडीकाठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते.

आता खरी मेख. २०० ते ५०० मीटर म्हणजे मोकळं रान नाही. तिथे घरबांधणी परवानगी आहे ती स्थानिकांच्या पारंपरिक हक्कांच्या आणि गावठाणाच्या चौकटीत, उंची ९ मीटर, तळमजला अधिक एक. नाशिकहून आलेल्याच्या बंगल्याला ती आपोआप लागू होत नाही. म्हणून प्राधिकृत संस्थेकडून १:४००० च्या नकाशावर तुमचा गट नंबर बसवून भरतीरेषेपासूनचं अंतर मागवा. भरतीरेषा म्हणजे वाळू जिथे संपते ती जागा नव्हे. ती नकाशावरची आखलेली रेषा असते आणि पुष्कळदा सुरूच्या बनाच्या आत असते. टेपने मोजलेल्या अंतराला काही किंमत नाही.

माझा सल्ला: ५०० मीटरच्या बाहेर, वर्ग १, स्वतंत्र सातबारा, गावठाणापासून २०० मीटरच्या आत. तिथे बिनशेतीचा वेगळा हेलपाटा वाचतो. अशी जमीन मिळाली तर जरूर घ्या.

सावली
आम्ही शेतकरी नाही. बिनशेती प्लॉट घेतला तर शेतकरी दाखला लागत नाही ना?

सातबारा
नाही, ताई. कूळ कायद्याचं कलम ६३ शेतजमिनीला लागतं. पण "एनए होणार आहे", "कलेक्टर एनए प्रोसेसमध्ये" म्हणजे आज ती शेतजमीनच आहे. बिनशेतीचा आदेश किंवा सनद, मंजूर रेखांकन, आणि क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर आणि प्लॉट आठापेक्षा जास्त असतील तर महारेराचा (गृहप्रकल्पांच्या नियामकाचा) क्रमांक, हे तीन कागद हातात घेऊन मगच टोकन द्या. रेखांकनात तुमचा प्लॉट क्रमांक स्वतः शोधा. "फार्म प्लॉट" नावाच्या प्रकारात अविभक्त हिस्सा विकतात. सातबाऱ्यावर तीस नावं, त्यात तुमचं एक, आणि कुंपण मात्र प्रत्येकाचं वेगळं. त्याला ना कर्ज मिळतं ना पुढचा गिऱ्हाईक.

म्हसरूळ नाका
गोदाकाठ यांच्याशी सहमत, पण माझं कारण कायद्याचं नाही, हिशोबाचं.

राहत्या घराच्या कर्जाला बँक ३० लाखांपर्यंत ९० टक्के देऊ शकते, ७५ लाखांपर्यंत ८०, त्यावर ७५. नुसत्या प्लॉटला बँका यापेक्षा कमीच देतात, मुदत कमी, दर जास्त, आणि घर बांधून होईपर्यंत व्याजावर आयकराची वजावट नाही. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.५० वर आला, त्याचा फायदा फ्लॅटवाल्याला हप्त्यात दिसला. रोखीने प्लॉट घेणाऱ्याला त्याचं काय?

होमस्टेचं गणितही जरा मांडू. जून ते सप्टेंबर शून्य धरा. उरले आठ महिने, त्यातले ३५ शनिवार-रविवार म्हणजे ७० रात्री. दिवाळी, नाताळ, मे महिन्याच्या मिळून वीस. सगळं भरलं तरी ९० रात्री. राखणदाराचा पगार मात्र बारा महिने, रंग दर दोन वर्षांनी. पाथर्डी फाट्याचा साधा फ्लॅट भाडं कमी देतो, पण बारा महिने देतो आणि भाडेकरू गेला तर पंधरा मिनिटांत जाऊन कुलूप लावता येतं.

शिवाय नाशिकमध्ये हालचाल आहे. २०२५-२६ च्या रेडीरेकनरमध्ये (सरकारी दरतक्त्यात) राज्याची सरासरी वाढ ३.८९ टक्के, नाशिक महापालिका हद्दीत ७.३१.

सातबारा
रेडीरेकनर वाढला म्हणजे मुद्रांक शुल्क वाढलं, भाऊ. विकताना तेवढं मिळतंच असं नाही. आणि नाशिकचे फ्लॅट काय धुतल्या तांदळासारखे? कपाटासाठी सोडलेली जागा खोलीत घेतल्याच्या वादात किती इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले ते आठवा. गोदावरीच्या निळ्या आणि लाल पूररेषेत आलेले प्लॉट अजून विकले जातातच.

म्हसरूळ नाका
जातात. पण पूररेषेचा नकाशा महापालिकेत जाऊन बघता येतो, त्यासाठी रजा टाकून डहाणूला जावं लागत नाही.

चिरेबंदी
दोन्ही बाजू जमिनीवर भांडतायत, घरावर कोणी बोलेना. नाशिकचा ठेकेदार नाशिकच्या सवयीने किनाऱ्यावर घर बांधतो, तिथे खरा पैसा बुडतो.

आपल्याकडे साध्या बंगल्याला एम २० किंवा एम २५ प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर २०-२५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण चालून जातं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनारी हवा "तीव्र" वर्गात मोडते: किमान एम ३०, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, आवरण ४५ मिलिमीटर. समुद्राचे तुषार थेट भिंतीवर येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. खर्चातला फरक फार नाही, पण गवंड्याच्या हाताची सवय बदलत नाही. कव्हर ब्लॉक (आवरणासाठी सळईखाली ठेवायचे ठोकळे) ४५ चे आणलेत का, स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी स्वतः मोजा. विटेचा नाहीतर खडीचा तुकडा सळईखाली सरकवलेला दिसला तर काम थांबवा.

बिघडतं ते असं. हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं, ते आतून काँक्रीट फोडतं. पहिली खूण म्हणजे तुळईच्या तळाशी सळईला समांतर जाणारी, केसाएवढी, तांबूस डाग पडलेली भेग. तयार घर घेत असाल तर बाथरूमच्या छताखाली, सज्जाच्या कडेला आणि समुद्राकडच्या खांबांच्या पायथ्याशी ती शोधा. नवा रंग दिलेला असेल तर नाण्याने टकटक करा. बद्द आवाज आला की आत थर सुटलाय.

सळई आणून महिनाभर उघड्यावर टाकू नका, मीठ बसतं. बसलंच तर गोड्या पाण्याने धुऊन, ब्रशने घासून मग बांधा. खाडीची वाळू नको म्हणजे नकोच. भिंतींना चिरा (जांभा दगड) उत्तम, त्यात सळई नाही, गंजणार काय? बिजागऱ्या, स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या, साध्या स्टेनलेसवरही डाग येतात.

पत्र्याबद्दल एकच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं, त्यात छपरांची जी वाताहत झाली ती पाहिलेली माणसं तिथे अजून आहेत. पत्रा धरून ठेवणारे जे-हुक किती अंतरावर मारायचे ते नाशिकच्या फॅब्रिकेटरला नाही, त्यांना विचारा.

गोदाकाठ
चिरेबंदी, हे धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवं होतं.

सातबारा, पालघर सोडून दापोली-गुहागर घेऊ म्हणाल तर तिथली दोन दुखणी वेगळी. खाजगी वनांची नोंद ज्या गटांवर आहे तिथे खाजगी वने संपादनाच्या १९७५ च्या कायद्याचं भूत मानेवर. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल मालकांच्या बाजूने लागला, पण तो जुन्या नोटिसा बजावल्या गेल्या होत्या की नाही यावर टिकून आहे. म्हणजे प्रत्येक गटाचा इतिहास वेगळा काढायचा. आणि सामाईक खातं: पंचवीस नावं, निम्मी मुंबईत, दोघं मयत, वारस नोंद नाही, एक अज्ञान (१८ वर्षांखालचा). अज्ञानाच्या हिश्श्याला न्यायालयाची परवानगी नसेल तर तो सज्ञान झाल्यावर व्यवहार रद्द करायला येऊ शकतो. तुमची "वर्ग १, स्वतंत्र सातबारा" ही अट लावली की शंभरातले किती गट उरतात?

सातबारा
थोडेच. तेवढेच घ्यायचे.

सावली
आणि पाणी? प्लॉटवर बोअर आहे म्हणतात.

चिरेबंदी
बोअर कधी बघितली ते विचारा. ऑक्टोबरमध्ये कुठलीही गोड लागते. मे अखेरीस, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला, पंप तासभर सलग चालवून मग बाटली भरा. पिण्यासाठी क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १,००० ही शेवटची हद्द. आरसीसीच्या पाण्याला मात्र ५००. म्हणजे नाइलाजाने प्यायला चाललेलं पाणी स्लॅबला चालत नाही. बांधकामाला टँकर लावावा लागेल, तो खर्च आत्ताच धरा. आणि शेजारच्या दोन विहिरींचंही पाणी तपासा. एकाच बोअरवर अख्खं रेखांकन पाणी ओढायला लागलं की दोन उन्हाळ्यांत खारं पाणी आत येतं.