गच्चीवरच्या बागेचा पैसे घेऊन ग्रुप काढतेय, पण मला नेमकं काय जमतं?

नाशिकची_गच्ची:
मंडळी, सल्ला हवाय. ६ वर्षं गच्चीवर भाजी पिकवतेय. रंगाचे डबे, जुने ड्रम धरून पन्नासेक कुंड्या आहेत. महिना १५० रुपये घेऊन व्हॉट्सॲप ग्रुप काढायचं मनात आहे. भाचा म्हणतो, दर रविवारी लाइव्ह घे, रोज रील टाक, एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. दोन लाइव्ह घेऊन पाहिले. आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही आणि नंतर दोन दिवस बागेत जावंसंही वाटलं नाही. मग हा धंदा माझ्यासाठी नाहीच का? नोकरी सोडायच्या आत हे कळायला हवं.

सुईदोरा:
ताई, मी भरतकामाचा असाच ग्रुप काढला होता, आठ महिन्यांत बंद केला. मला एकटीनं बसून नवे नमुने काढायला आवडतं. ग्रुपवर मात्र दिवसभर "फी राहिली", "व्हिडिओ उघडत नाही", "परत सांगा ना". टाका सुबक येतो म्हणजे माणसंही सांभाळता येतील असं धरून चालले होते. आता नमुन्यांच्या पीडीएफ विकते, मजेत आहे. तुम्ही गेल्या महिन्याचं व्हॉट्सॲप उघडा. दमलेल्या असतानाही, कोणी न सांगता, कोणाला काय लिहिलंत ते बघा.

सातारकर_मास्तर:
व्हीआयए नावाची प्रश्नावली ऑनलाइन फुकट भरता येते, स्वभावातल्या २४ चांगल्या गुणांपैकी आपले कोणते ठळक ते ती सांगते. माझ्यात जिज्ञासा सगळ्यात वर आली, ते खरंही आहे. पण तोच प्रश्न विसाव्यांदा आला की मी चिडतो, हे बायकोनं सांगितलं. घरच्यांना विचाराच.

नाशिकची_गच्ची:
सुईदोरा, काल रात्री सगळं चाळलं. "बाग कशी करावी" यावर महिनाभरात एक ओळ नाही. सगळे फोटो आणि त्यांची उत्तरं. एकीच्या जास्वंदीवर पांढरा कापूस दिसत होता. रात्री साडेअकराला तिला पान उलटं करून फोटो काढायला लावला. पिठ्या ढेकूणच होता. जुन्या टूथब्रशनं खरवडून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि साबणाचे दोनचार थेंब घालून संध्याकाळी फवारा, असं लिहिलं. चौथ्या दिवशी "आता कशी आहे?" हे मीच विचारलंय. अशी विचारपूस बारा जणींकडे केलेली सापडली. मला ते काम वाटलंच नव्हतं!

मास्तर, मुलगी म्हणाली, "आई, तू झाडाचा पाठपुरावा करतेस, पण पैसे मागायला लाजतेस." फी आणि रील भाच्याकडे. लाइव्ह नाही. नोकरी तूर्त चालू ठेवते आणि २० जणीच घेते, म्हणजे प्रत्येकीचं झाड लक्षात राहील. पण मग १५० रुपये फार कमी होतात. असं एकेकीकडे लक्ष देणारं कोणी इथे महिन्याला किती घेतं?