बेळगावात ‘मिश्र संस्कृती’चं संग्रहालय: हवं का?

टिळकवाडीकर:
बेळगाव, निपाणी, अथणी या पट्ट्याचं एक लहानसं संग्रहालय हवं, असं फार दिवस डोक्यात आहे. पहिल्या कपाटात कोल्हापुरी चपला. 2019 च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत तसे कर्नाटकाचेही चार, त्यात आपलं बेळगाव. म्हणजे कागदावरसुद्धा ती एकट्या कोल्हापूरची नाही. शेजारी अडकित्ता, शब्द कानडी, पानाचं तबक आपलं. संगीताच्या दालनात गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर, ज्यांनी मराठी संगीत नाटक उभं केलं, आणि सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व.

खानापूरकर:
‘मिश्र’ हा शब्द कुंद्यासारखा आहे. गोड लागतो, पोट भरत नाही. 1956 साली राज्यं नव्यानं आखताना आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, ते कुठल्या कपाटात ठेवणार? आमच्या शेताचा उतारा कन्नडात येतो, बाबा तो वाचून घ्यायला शेजारच्या पोराला हाक मारतात. दुकानाच्या बोर्डावर 60 टक्के कन्नड लागतं. मग तुमच्या अडकित्त्याखालच्या पाटीवर मराठी कुठल्या कोपऱ्यात बसणार, तेवढं सांगा की.

निपाणीची सून:
माहेर कानडी, सासर मराठी, म्हणून मधे पडते. दादा, उताऱ्याचं दुखणं खरं आहे. पण सगळं सरकारी पाटीवरच कशाला मोजता? सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माचा ‘उदो उदो’ करायला आई आणि सासूबाई एकाच रांगेत असतात. दुभाषी लागते ती नंतर, आमटीत गूळ किती यावरून! आणि टिळकवाडीकर, तुमच्या यादीत मराठी माणसाला सुखावणारंच तेवढं आलंय. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची, रट्ट राजांच्या काळातली. तिथले कन्नड शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आधी त्यांचे ठसे मागवा.

टिळकवाडीकर:
बस्ती राहिली, चूक माझी. पण 1956 आलं की सीमावादावरचा 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 पासूनचा महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा आला. निकालच नाही त्याची पाटी कोण लिहिणार? उद्घाटनाआधीच काचा फुटतील.

खानापूरकर:
निकाल नको लिहू. दोन्ही बाजूंचे कागद लाव, लोक वाचतील. आजोबांचा मुंबई राज्यातला मराठी उतारा ट्रंकेत आहे, अथणीच्या चपलाही आहेत. उतारा काचेत लावणार असशील तर दोन्ही देतो. नुसत्या चपला हव्या असतील तर राहू दे.