रिकाम्या टँकरवरची पाटी

एकांनी विचारलंय, माल उतरवल्यावर टँकरवरची, आत कुठला धोकादायक माल आहे ते सांगणारी नारिंगी पाटी काढली तर काय बिघडलं? बिघडतं, आणि फार वाईट बिघडतं. पेट्रोलचा टँकर रिकामा झाला तरी आत वाफ उरतेच. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असलं की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत द्रवावरची वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेट घेत नाही. रिकाम्या टाकीत हवा शिरली की नेमकं घातक मिश्रण जमतं. म्हणूनच टाकी धुऊन वाफमुक्त होईपर्यंत पाट्या तशाच ठेवायच्या, असा नियम आहे.

त्या पाटीवर खाली १२०३ असतं, तो पेट्रोलचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक. वरचा ३३ म्हणजे अतिज्वलनशील द्रव. या वरच्या आकड्याआधी एक्स हे अक्षर दिसलं, जसं सोडियमच्या पाटीवर असतं, तर पाणी मारायचं नाही! अपघातात चालक बेशुद्ध असेल तर अग्निशमन दलाला हे सांगायला ती पाटीच उरते. कृपया ती चिखलाने माखू देऊ नका, निघताना फडकं मारा.