'पंधरा दिवस कळ सोसा' म्हणणाऱ्या सभासदास उत्तर

कोथरूडकर (धागाकर्ता):
काल येथे एका सभासदाने लिहिले की, "घर माझे, कर्ज माझे, फोडणार तीही माझीच फरशी, शेजाऱ्यांनी पंधरा दिवस कळ सोसावी, उद्या त्यांच्याही घरी काम निघेलच." फरशी आपली हे मान्य, परंतु तिच्याखालची स्लॅब खालच्या घराचे छत असते. आरसीसीच्या सांगाड्यात ब्रेकरचा, म्हणजे फोडकामाच्या यंत्राचा, हादरा खांब-तुळयांतून कित्येक मजले उतरतो, त्यामुळे सातव्या मजल्यावर फोडकाम चालू असताना तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला ते आपल्या डोक्यावरच चालले आहे असे वाटते. हवेतून येणारा आवाज खिडक्या लावून निम्मा होतो. भिंतीतून येणाऱ्याचे काय करायचे? माझी मागणी माफक आहे. फोडकाम सलग उरकावे, त्याची वेळ आदल्या दिवशी लिफ्टपाशी लावावी, फरशी आणि ग्रॅनाइट घरात न कापता पार्किंगमध्ये पाणी सोडून कापावे आणि दुपारी एक ते चार यंत्रे बंद ठेवावीत.

बाणेर_१४०२:
ते वाक्य माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. एक ते चार! पेठांतल्या दुकानांनीही जी वामकुक्षी सोडत आणली, ती आता माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर लादली जात आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस धरला आहे आणि २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात बांधकामाची आवाज करणारी यंत्रे रात्री चालवण्यास मनाई केली आहे. दुपारच्या झोपेचा त्यात उल्लेखही नाही.

माजी सचिव, सहकारनगर:
नियम वाचलाच आहे तर पुढचा तक्ताही वाचावा. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्रीची ४५. हे प्रमाण लॉगरिदमवर चालते. ६५ डेसिबल म्हणजे ५५ पेक्षा "थोडे जास्त" नव्हे, तर दहापट ध्वनिऊर्जा. शिवाय घरातील फेरबदलांसाठी समितीची पूर्वपरवानगी सोसायटीच्या उपविधींतच सांगितलेली आहे आणि तिच्यासोबत वेळेच्या अटी येतात. मी सचिव असताना लोक अर्जात "किरकोळ रंगकाम" लिहीत आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमची भिंत पाडत. राडारोड्याची पोती लिफ्टमधून नेऊन लिफ्टच्या दाराची चौकट वाकवत, आणि अनामत परत मागायला मात्र सहकुटुंब येत. आवाज एक वेळ थांबतो, ती लिफ्ट आजही अडखळते.

फरशीचा ठेकेदार:
येथे कोणीही काम करणाऱ्या माणसाचा विचार केलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. सोसायटीच्या गेटवर आमच्या माणसांची नोंद सकाळी दहाला होते आणि सहाला त्यांना बाहेर काढले जाते. त्यातून एक ते चार वजा केले की पाच तास उरतात. हजेरी मात्र पूर्ण द्यावी लागते, कारण माणूस राजस्थानातून किंवा बिहारमधून येऊन वारज्याच्या खोलीत भाडे भरून राहतो आहे. ते तीन तास त्याने कोठे बसावे? बागेत बसला तर सुरक्षारक्षक उठवतो, पार्किंगमध्ये आडवा झाला तर कोणीतरी समितीच्या गटावर त्याचा फोटो टाकते. आणि पाच तासांच्या दिवसामुळे जे फोडकाम चार दिवसांत संपले असते ते आठवडाभर चालते. म्हणजे शांततेसाठी केलेल्या नियमानेच आवाजाचे दिवस वाढतात.

कोथरूडकर (धागाकर्ता):
मजुरांची ढाल पुढे करून ठेकेदाराने स्वतःचा नफा वाचवू नये. त्या तीन तासांत फरशीच्या सांध्यांत ग्राउट भरणे, मापे घेणे, सामान वर आणणे अशी बिनआवाजाची कामे होत नाहीत काय?

फरशीचा ठेकेदार:
होतात, पण फरशी बसल्यावर. पहिल्या दिवशी ग्राउट कशात भरू, तुमच्या उत्तरात?

रात्रपाळीची परिचारिका:
तुम्हा सर्वांच्या भांडणात एक ते चार ही वेळ जणू विश्रांतीची एकमेव वेळ ठरली आहे. मी सकाळी आठला घरी येते. माझी झोप नऊ ते दोन, म्हणजे नेमकी तुमच्या सर्वसंमत फोडकामाच्या वेळेत. वरच्या घरात ब्रेकर सुरू झाला की पाण्याच्या पेल्यातील पृष्ठभाग थरथरताना दिसतो, उशी कानावर घेतली तरी पलंगाच्या पायांतून तो हादरा जबड्यापर्यंत येतो. मला तीन तासांची शांतता नको. कोणत्या दिवशी फोडणार आहात एवढे आधी कळले तर मी त्या दिवशी बहिणीकडे झोपायला जाईन. आजवर हे एकाही घराने सांगितलेले नाही.

बाणेर_१४०२:
परिचारिकाबाईंचे म्हणणे रास्त आहे, हे मान्य करतो, धागाकर्त्यांचे नव्हे. ठेकेदार महोदय, फोडल्याशिवाय गत्यंतर नाही काय?

फरशीचा ठेकेदार:
बहुतेक वेळा आहे, पण कोणी विचारत नाही. जुनी फरशी ठोकून पोकळ वाजत नसेल तर तिच्यावरच चिकटद्रव्याने नवी बसते. दारे खालून तासावी लागतात, बाथरूमचा उंबरठा आणि उतार तपासावा लागतो आणि स्लॅबवरचा भार वाढतो, म्हणून आधीच दोन थर असतील तर मी नकार देतो. चिमणी किंवा एसीच्या पाइपसाठी भिंत ब्रेकरने फोडू नये, कोअर कटरने गोल भोक पाडावे. त्याचा आवाज येतो, पण हादरा बसत नाही. काँक्रीटच्या भिंतीत साध्या ड्रिलने अर्धा तास किंचाळण्यापेक्षा रोटरी हॅमर क्षणात काम करतो. फर्निचरचे प्लाय कारखान्यात कापून आणले तर घरात केवळ जोडणी उरते. या सर्वांस पैसे थोडे अधिक पडतात, आणि तेथेच शेजारप्रेम संपते.

माजी सचिव, सहकारनगर:
ठेकेदाराशी सहमत व्हावे लागेल असे वाटले नव्हते. तरीही पोती जिन्यानेच उतरवावीत.

फरशीचा ठेकेदार:
अकराव्या मजल्यावरून? आपण पहिले पोते उचला, दुसरे मी उचलतो.

बाणेर_१४०२:
ठीक आहे. आठवडाभर आधी सूचना लावतो. वाटल्यास रांगोळीही काढतो.

कोथरूडकर (धागाकर्ता):
मी आदल्या दिवशी म्हटले होते, परंतु परिचारिकाबाईंसाठी आठवडा अधिक बरा. मात्र त्या सूचनेवर तारीख, मजला आणि यंत्र कोणते हे लिहा. "काम चालू आहे, सहकार्य करावे" ही पाटी आमच्याकडे गणपतीपासून लटकते आहे आणि त्या घरातले काम कधीच संपले.